तांब्याभर हेलियम

बदकाच्या आवाजात कुणाच्या जिवावरून भांडता येत नाही, असं डॉ. रुक्साना मुकादमला आजवर वाटत होतं. त्या सकाळी कळलं, येतं. चांगलं कडकडून येतं!

'शिंपला' हे दाबघर अरबी समुद्राच्या तळावर, एकशे सत्तर मीटर खोल बसवलेलं होतं. समुद्राच्या प्रवाहावर फिरणाऱ्या वीजचक्क्या उभारायला आठ माणसं तिथे महिनोन् महिने राहत. पाण्यानं घर चिरडू नये म्हणून आतला दाबही पाण्याइतकाच ठेवलेला, म्हणजे जमिनीवरच्या अठरापट. एवढ्या दाबाखाली साधी हवा श्वासात घेतली तर माणूस दारू प्यायल्यासारखा झिंगतो. म्हणून शिंपल्यात हवा नव्हतीच. होता तो हेलियम आणि त्यात चवीपुरता ऑक्सिजन. आणि हेलियममध्ये तुम्ही कितीही शिकलेले असा, बोललात की बदक!

"सर, मला दुर्बिणीतूनच करू द्या," रुक्साना फोनवर क्वॅकक्वॅकली. फोनच्या दुसऱ्या टोकाला मुंबईत स्वरसुधारक नावाचं यंत्र तिचा आवाज माणसात आणत होतं, पण इथे खोलीत तिला स्वतःचा तोच आवाज ऐकू येत होता आणि रडू येत होतं. "मी आजवर शेकड्यांनी अपेंडिक्स दुर्बिणीतून काढलीत. तीन भोकं, एक कॅमेरा, संपलं. पोट उघडून मी फार थोडी केली आहेत, आणि तीही तुम्ही शेजारी उभे असताना."

"मग आज मी फोनवर उभा आहे," डॉ. ताम्हणे म्हणाले. त्यांचा आवाज मात्र भारदस्त, जमिनीवरचा. "दुर्बीण घालायची तर आधी पोटात वायू भरून ते फुगवावं लागतं. फुगवल्याशिवाय आतलं दिसत नाही. उद्या काही कारणानं तुम्हाला वर यावं लागलं आणि त्यातला थोडा वायू जरी पोटात राहिला, तरी दाब उतरेल तसा तो अठरापट फुगेल. दाबाखाली दुर्बीण नाही, हा नियम कुणी गंमत म्हणून केलेला नाही."

"उघडलं तर जखम पिकायची भीती जास्त."

"पिकू दे की! पिकलेली जखम डोळ्यांना दिसते, धुता येते. पोटात राहिलेला वायू दिसत नाही. उघड, काढ, धू, शिव. वेळ घालवू नकोस."

टेबलावर कार्तिकी तांडेल पाय पोटाशी घेऊन पडली होती. शिंपल्यातली सगळ्यात चांगली वेल्डर, उरणची, वय चोवीस, आणि आत्ता चेहरा पाण्यातून काढलेल्या कागदासारखा. कालपासून बेंबीजवळचं दुखणं उजवीकडे खाली सरकलं होतं, आणि आता हात लावू देत नव्हती.

"मोठा चिरा मारणार काय गो डॉक्टरबाय?" तिनं दात आवळून विचारलं.

"मारावा लागणार."

"मार. पण टाके बघून घाल. माझं वेल्डिंग गळतं का कुठं? तुझंही गळता कामा नये."

रुक्सानानं टाके बघून घातले. पोट उघडलं तेव्हा अपेंडिक्स फुटलेलंच होतं. पू खाली ओटीपोटात उतरलेला, आतडी एकमेकींना चिकटायला लागलेली. तिनं ते टोक बांधलं, कापलं, कोमट सलाइननं सगळं धुऊन काढलं, आणि एकेक थर शिवत पोट बंद केलं. तासाभरात तिचा हात एकदाही अडखळला नाही. ह्याचा तिला फार अभिमान वाटला.

दाराशी फिलोमिना डाबरे उभी होती. फिलोमिना शिंपल्याची दाबतज्ज्ञ. वसईची, बुटकी, जगातल्या कुठल्याही वायूशी तिची ओळख असल्यासारखी बोलायची. कुणाला किती दाब सोसेल, किती वेगानं उतरवायचा, हे सगळं तिच्या हातात. डॉक्टरला ऑपरेशनबद्दल ती एकच प्रश्न विचारणार होती, कारण तिला तेवढाच विचारायला शिकवलं होतं.

"पोटात वायू भरलास का?"

"नाही," रुक्साना म्हणाली. "उघडून केलं. वायूचा संबंधच आला नाही."

"मग माझ्याकडून ती वर जायला मोकळी."

दोघीही खरंच बोलत होत्या. पुढे जे झालं ते दोघी खरं बोलल्या म्हणूनच झालं.

* * *

दुसऱ्याच रात्री चक्रीवादळ दिशा बदलून आलं. आधी वरचं मदतजहाज बंदरात पळालं, त्याला पर्यायच नव्हता. मग लाटांनी शिंपल्याला वीज आणि फोन पुरवणारा वरचा तराफा तोडला आणि शिंपल्यातले दिवे मंद झाले, फोन मेला. मुंबई नाही, ताम्हणे नाहीत, कुणी नाही.

केंद्रप्रमुख सुभाष घरत यांनी सगळ्यांना चढगोळ्यात हलवलं. चढगोळा म्हणजे जाड पोलादाचा एक गोळा, आठ माणसांना आडवं होता येईल एवढा. तो शिंपल्यापासून सुटतो, दोराला बांधलेल्या फुग्यासारखा वर सरकतो आणि लाटांच्या खाली, जिथे पाणी शांत असतं तिथे थांबतो. आतला दाब मात्र तळाचाच राहतो. मग आत बसून, आठवडाभरात, हळूहळू तो दाब सोडत जायचं. ह्याला दाबउतार म्हणतात. घाई केली तर रक्तात मुरलेला हेलियम, सोड्याची बाटली खस्सकन उघडल्यासारखा फसफसून बाहेर येतो. मग माणूस उरत नाही.

हलवाहलवीत एक वाईट गोष्ट घडली. माणसं जो कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासातून सोडतात तो शोषून घेण्यासाठी चुन्याचे डबे असतात. श्वासगाळणीत डबा बसवायचा, भरला की बदलायचा. त्यातले निम्मे डबे समुद्राच्या पाण्यात भिजून फुकट गेले.

"उरलेत ते दाबउतारापुरते आहेत," घरत म्हणाले. उंच, शांत, आगरी माणूस. ओरडत नसत, म्हणून बदकाच्या आवाजातही लोक त्यांचं ऐकत. "मध्ये कुठे थांबता येणार नाय. परत खाली दाब वाढवायला हेलियमही नाय. एकदा सुरू केलं की फक्त उतरत जायचं. डॉक्टर, तुमच्या पेशंटचं काय?"

रुक्सानानं फिलोमिनाकडे पाहिलं, फिलोमिनानं होकारार्थी मान हलवली.

"चालेल," रुक्साना म्हणाली. घरतांनी झडप उघडली. सीऽऽ असा बारीक आवाज सुरू झाला.

पहिल्यांदा पिकली ती जखम. रुक्सानानं पट्टी उचलली, पिवळं पाणी दिसलं, आणि तिला चक्क बरं वाटलं! पोट उघडलं की जे होतं तेच झालं होतं. ओळखीचं संकट. तिनं दोन टाके सोडले, पू काढला, पट्टी बदलली. कार्तिकीनं शिव्या दिल्या. शिव्या देणारा पेशंट चांगला.

मग शिव्या थांबल्या.

कार्तिकीचं पोट फुगायला लागलं. आधी थोडं, मग दिसण्याएवढं. तिला पाणी नको झालं. उजव्या खांद्यात कळ मारते म्हणाली.

"आतडी रुसलीत," रुक्सानानं घरतांना समजावलं. "पोटात हात घातला की आतडी कधीकधी कामच बंद करतात. तोंडानं काही द्यायचं नाही, नाकातून नळी घालू, सलाइन देऊ. दोनेक दिवसांत पूर्ववत होईल."

नळी घातली. पोट फुगतच राहिलं. मग रुक्सानाला वाटलं, आत पुन्हा पू साठला असेल. तिनं औषध बदललं, ताप पाहिला, फारसा नव्हता. ती दर थोड्या वेळानं कार्तिकीच्या पोटावर हात ठेवून पू शोधत होती, आणि घरत नेमानं दाब उतरवत होते. अठरावरून बारा. बारावरून आठ. आठवरून सहा. प्रत्येक वेळी पोट आणखी ताणत होतं, कातडी चकचकीत झाली होती, आणि जखमेच्या टाक्यांच्या भोकांच्या आता लांबट चिरा झाल्या होत्या.

"टाके गळतील गो," कार्तिकी कुजबुजली. श्वास तिला अर्धाच घेता येत होता.

फिलोमिना बाजूला बसून बघत होती. ती अचानक पुढे सरकली, आणि गॅसची टाकी भरलेली आहे की रिकामी हे बघायला जशी टकटक करते, तशी तिनं कार्तिकीच्या पोटावर दोन बोटांनी टकटक केली.

ढम्म.

"फिलू, काय करतेस!"

"हे रिकामं वाजतंय, डॉक्टर. म्हणजे वायूनं भरलंय."

"आतडी रुसली की त्यांच्यात गॅस होतो."

"मग गुडगुड वाजेल, जागोजागी वेगळं वाजेल. हे बघ." ढम्म, ढम्म, ढम्म. पार बरगड्यांपर्यंत. "हे सगळीकडे एकच वाजतंय. आतड्यांत नाही, आतड्यांच्या बाहेर आहे. तू म्हणालीस, वायू भरला नाही!"

"नाहीच भरला! पोट उघडून केलं, भरायचा प्रश्नच कुठे..."

आणि रुक्साना थांबली.

"बोल ना," फिलोमिना म्हणाली.

"पोट उघडं होतं," रुक्साना हळू म्हणाली. "तासभर. खोलीतला वायू आत जाणारच की गं. आतडी बाजूला केली की पोकळी होते, तिथे तो शिरतो. शिवून टाकलं की आत राहतो. तांब्याभर तरी. प्रत्येक उघड्या ऑपरेशनमध्ये राहतो! जमिनीवर आम्ही त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. एक्स-रेमध्ये दिसला तरी सोडून देतो, आठवडाभरात आपोआप जिरतो."

"इथे जिरणार नाही."

"का?"

"कारण जिरायचा म्हणजे रक्तात जायचा, आणि आपलं रक्त हेलियमनं तुडुंब आहे. भरलेल्या बसमध्ये आणखी माणसं कशी चढणार? उलट दाब उतरतोय म्हणून रक्तातला हेलियम बाहेर पडायची वाट शोधतोय. त्याला हा आयता खड्डा मिळालाय." फिलोमिनाचा आवाज आणखी बारीक झाला. "तळाशी तांब्याभर होता ना? आत्ता तीन तांबे झाला असेल. वर पोचेपर्यंत अठरा. शिवाय अंगातून येईल तो वेगळाच."

आठ माणसांच्या गोळ्यात कुजबुज कुणापासून लपत नाही. कार्तिकीही ऐकत होती.

"अठरा तांबे," ती म्हणाली. "मी कळशी आहे काय?"



* * *

रुक्सानानं आधी जे कुणीही केलं असतं ते केलं. जागा बधिर करून पोटात सुई घातली. फुस्स करून वायू निघाला, कार्तिकीला एकदम पुरा श्वास घेता आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग वायू यायचा थांबला. पोट उतरलं होतं, पण अर्धंच. वरच्या बाजूला, यकृताच्या मागे, टकटक केलं की अजून ढम्म.

"बाहेर येत का नाही?" घरतांनी विचारलं.

"पोट खाली बसलं की आतडी सुईच्या तोंडाशी येऊन बसतात. बूच बसल्यासारखं. आणि पुवानं ती एकमेकींना चिकटलीत, मध्ये कप्पे झालेत. एका कप्प्यातला वायू काढला तरी दुसऱ्यात राहतो." तिनं दुसरीकडे सुई घातली. तिसरीकडे घालायला गेली आणि हात मागे घेतला. आंधळेपणानं सुई खुपसत राहिलं तर आतडंच फुटलं असतं.

संध्याकाळपर्यंत पोट पुन्हा होतं तिथे आलं. जखमेचा एक टाका तटकन तुटला.

"दादा, थांबा ना," रुक्साना घरतांना म्हणाली. "दोन दिवस. फक्त दोन दिवस दाब इथेच ठेवा."

"चुना नाय, डॉक्टर."

"एक दिवस!"

"एक दिवस थांबलो तर शेवटच्या दिवसाला चुना नाय. वर पोचायच्या आधी आठच्या आठ गुदमरू, तीही." घरतांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "पोरगी माझ्या शेजारच्या गावची आहे. तिच्या आईला मी सांगून आलोय, सांभाळतो म्हणून. माझ्या हातात असतं तर मी ही झडप दातांनी धरून ठेवली असती. पण प्रश्न झडपेचा नाय, चुन्याचा आहे."

रुक्साना गोळ्याच्या भिंतीला टेकून खाली बसली. ताम्हणे सरांनी वायू टाळायला सांगितला, तिनं टाळला, आणि टाळताना पोटाचं दार उघडं ठेवून वायूला आत बोलावलं. दुर्बीण घातली असती तर... तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. ती मोठ्यानं हमसायला लागली, आणि बदकाचं हमसणं इतकं हास्यास्पद होतं की तिला त्याचाही राग आला.

फिलोमिना शेजारी येऊन बसली. सांत्वन तिला येत नसे. तिला प्रश्न येत.

"डॉक्टर, एक सांग. माझ्या मावशीचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. तिसऱ्या दिवशी ती विमानानं गोव्याला गेली. विमानात दाब कमी असतो. तिचं पोट का नाही फुगलं?"

"कारण तिथे साधी हवा भरत नाहीत," रुक्साना नाक पुसत म्हणाली. "कार्बन डायऑक्साइड भरतात. तो रक्तात पटकन विरघळतो. ऑपरेशन संपल्यावर राहिलेला वायू रक्त पिऊन टाकतं, फुप्फुसं तो बाहेर फेकतात. काही तासांत पोट रिकामं. हवा राहिली असती तर मात्र..."

तिनं वाक्य पुरं केलंच नाही. ती उठून उभी राहिली, आणि गोळ्याच्या छताला डोकं आपटलं.

"फिलू! विसळायचं!"

"काय विसळायचं?"

"तिचं पोट! भांड्याला साबण राहिला की आपण काय करतो? थोडं पाणी घालतो, हलवतो, ओततो. पुन्हा घालतो. शेवटी भांड्यात जो थेंब उरतो तो साबणाचा नसतो, पाण्याचा असतो. आपण तिच्या पोटात कार्बन डायऑक्साइड भरू. पोट फुगलं की आतड्यांचं बूच सुटेल, कप्पे उघडतील, हेलियम त्यात मिसळेल. मग सोडून द्यायचा. पुन्हा भरायचा. तीनदा. शेवटी कोपऱ्यांत जे राहील ते राहू दे, ते रक्त पिऊन टाकेल!"

"आधीच फुटायला आलेलं पोट तू आणखी फुगवणार?"

"आधी सुईनं उतरवीन, मग फुगवीन. तेवढ्यापुरतं."

फिलोमिनानं डोळे बारीक केले. तिच्या डोक्यात आकडे पळत असले की ती अशीच दिसायची. "तळाशी हे केलं असतंस तर मेली असती. अठरापट घट्ट कार्बन डायऑक्साइड रक्तानं प्यायला असता तर रक्ताचं ॲसिड झालं असतं. इथे सहापट आहे. पुष्कळच आहे, पण... श्वास जोरात घेत राहिली तर बाहेर टाकू शकेल. कदाचित." मग ती थांबली. "आणायचा कुठून? आपल्याकडे कार्बन डायऑक्साइडची टाकी नाही. दुर्बिणीला बंदी, म्हणून ती टाकीच दिली नाही."

ती जे बोलली ते तिच्याच कानांवर पडलं असावं. कारण पुढच्या क्षणी दोघींनीही एकदमच श्वासगाळणीकडे पाहिलं. तिच्या खाली भरलेले, वापरून झालेले चुन्याचे डबे रचून ठेवले होते.

"चुना कार्बन डायऑक्साइड खातो तेव्हा त्याचा खडू होतो," फिलोमिना सावकाश म्हणाली.

"आणि खडूवर ॲसिड टाकलं की?"

"सातवीतला प्रयोग, डॉक्टर! फसफसतो. खाल्लेलं सगळं ओकतो."

पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या जाळ्या धुवायला सायट्रिक ॲसिडची पाकिटं होती. घरतांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"म्हणजे एवढ्या मुश्किलीनं पकडलेला चोर पुन्हा घरात सोडायचा म्हणता?"

"थोडा, दादा. विसळताना बाहेर येईल तो गोळ्यात पसरेल. ताजा चुना थोडा जास्त लागेल, सगळ्यांचं डोकं दुखेल. कुणी हालायचं नाही, बोलायचं नाही, म्हणजे आपण स्वतः कमी सोडू. मग पुरेल." फिलोमिनानं एकेकाकडे पाहिलं. "जेमतेम पुरेल. चूक झाली तर नाही पुरणार."

घरतांनीही एकेकाकडे पाहिलं. पलीकडच्या कोपऱ्यातल्या दोघा पाणबुड्यांनी निमूटपणे पांघरुणं घेतली आणि ते आडवे झाले, हातपाय न हलवता. मग बाकीचेही झाले.

"करा," घरत म्हणाले, आणि झडप तेवढ्यापुरती बंद करून तेही आडवे झाले.

* * *

बाटलीत खडू झालेला चुना, वरून सायट्रिकचं पाणी. फसफस! वायू आधी स्वच्छ पाण्यातून, मग जंतुगाळणीतून, मग बारीक नळीतून कार्तिकीच्या पोटात. रुक्सानाचा एक हात नळीवर, एक पोटावर. दाबाखाली पोटात वायू भरायचा नाही, हा एकच नियम तिला पाठ होता, आणि ती तो दोन्ही हातांनी मोडत होती.

"जळतंय," कार्तिकी म्हणाली.

"जळणार. थोडं सोस."

सोडलं. भरलं. कार्तिकीला या कुशीवरून त्या कुशीवर केलं. सोडलं. दुसऱ्यांदा सोडताना यकृताच्या बाजूनं एकदम बराच वायू आला. एक कप्पा उघडला होता! रुक्साना ओरडणार होती, पण बोलायचं नव्हतं. फिलोमिनानं तिचा दंड इतका जोरात दाबला की वळ उठला. सगळ्यांची डोकी ठणकायला लागली होती. गोळ्यातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या मापकाचा काटा पिवळ्यातून लालकडे निघाला होता. तिसऱ्यांदा भरलं, सोडलं, नळी काढली, भोकावर पट्टी लावली.

आत अजून वायू होता. हाताला लागत होता. आता तो हेलियम की कार्बन डायऑक्साइड, हे फक्त त्यालाच ठाऊक.

मग कार्तिकी धापा टाकायला लागली.

आधी थोड्या, मग जोरात, मग धावून आलेल्या कुत्र्यासारख्या. चेहरा लाल झाला, कपाळावर घाम फुटला, डोळे विस्फारले. छाती वरखाली, वरखाली. रुक्सानाला दोनच कारणं सुचली. जंतू रक्तात गेले. नाहीतर फुप्फुसात हेलियमचा बुडबुडा अडकला. तिनं घाबरून औषधाची पेटी उघडली. झोपेचं इंजेक्शन हातात घेतलं. ही धाप थांबवायलाच हवी होती, नाहीतर पोरगी दमूनच मेली असती.

फिलोमिनानं तिचं मनगट धरलं.

"सोड!" रुक्साना बोलायचं नाही हेही विसरली. "ती मरतेय!"

फिलोमिनानं मापकाची नळी कार्तिकीच्या नाकाशी धरली आणि तो मापक रुक्सानाच्या डोळ्यांसमोर आणला. कार्तिकीच्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड होता नेहमीच्या कितीतरी पट. काटा शेवटाला टेकला होता.

रुक्साना मापकाकडे बघत राहिली. हळूहळू तिच्या डोक्यात उजेड पडला. आत जे उरलं होतं ते रक्त पीत होतं. आणि रक्त पीत होतं ते फुप्फुसं बाहेर फेकत होती. पोटातला वायू नाकावाटे निघाला होता! ही धाप थांबवली असती तर तिनं पोरीला स्वतःच्या हातांनी मारलं असतं.

तिनं इंजेक्शन खाली ठेवलं. कार्तिकीला उशाला टेकवून बसवलं, तिचे दोन्ही हात हातांत घेतले आणि मोठ्यांदा म्हणाली, "जोरात घे! आणखी! समुद्रात बुडी मारून वर आल्यासारखा! घे, सोड! घे, सोड!"

कार्तिकीनं घेतला, सोडला. घेतला, सोडला. आडवी पडलेली माणसं मान वळवून बघत होती. किती वेळ गेला कुणी मोजलं नाही. मग काटा शेवटापासून सुटला. थोडा खाली आला. आणखी खाली. धापा संथ झाल्या. चकचकीत ताणलेली कातडी आधी सैल झाली, मग तिला सुरकुती पडली. एक बारीकशी, जखमेच्या कडेला. रुक्सानानं आयुष्यात एवढी सुंदर सुरकुती पाहिली नव्हती.

तिनं बरगडीखाली टकटक केली. ढब. भरलेल्या पिंपासारखं. तिनं सगळीकडे केली. ढब, ढब, ढब.

"डॉक्टरबाय," कार्तिकीनं विचारलं. आवाज बदकाचाच, पण पुरा श्वास घेतलेला. "त्या डब्यांत सगळ्यांचा श्वास होता ना? म्हणजे घरतदादांचापण?"

"हो."

"शी! आणि तो माझ्या नाकातून गेला!"

पांघरुणाखाली कुणीतरी फिसकन हसलं, आणि फिलोमिनानं लगेच दटावलं, "हसू नका! हवा संपेल."

घरत उठून बसले होते. झडपेवर हात ठेवून ते रुक्सानाकडे बघत होते. सहापटीपासून एकपटीपर्यंत दाब अजून उतरायचा होता, आणि तो उतरताना कुठल्या कोपऱ्यात एखादा थेंबभर हेलियम उरला असला तर तो पुन्हा वाढणार होता. मापकावर ते दिसणार नव्हतं. कुणाच्या नियमातही लिहिलेलं नव्हतं.

रुक्सानानं तळहात कार्तिकीच्या पोटावर सपाट ठेवला आणि तिथेच ठेवला.

"उतरवा," ती म्हणाली. "ठरल्या वेगानं. माझा हात इथेच आहे."